गंगावेश ते गगनबावडा: आर्थिक भूगोलाचे प्रात्यक्षिक

कोल्हापूर जिल्ह्यात लोखंडाची चालती खाण नाही. दगडी कोळसाही नाही. तरीही शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या फौंड्र्यांमध्ये रोज लोखंड वितळते, साच्यांत ओतले जाते आणि मोटारींचे, पंपांचे, ट्रॅक्टरचे सुटे भाग होऊन देशभर जाते. जमशेदपूरचा कारखाना तिथेच का उभा राहिला, हे बारावीच्या मुलाला पाठ असते: खनिज, कोळसा, पाणी, रेल्वे. तोच हिशेब तो शिरोलीला लावू गेला तर उत्तर जुळत नाही. घरापासून दहा किलोमीटरवरच्या कारखान्याचे कारण पुस्तकात सापडत नाही, हे ज्या क्षणी त्याच्या लक्षात येते, तिथे त्याचा आर्थिक भूगोल सुरू होतो.

हा विषय हाताने, पायाने आणि वहीत मोजमाप मांडून शिकवण्याचे कोणते मार्ग आजवर चालत आले, कोल्हापुरात त्यांतले कोणते रुजू शकतात आणि ते कुठे अडतात, याचा हा आढावा आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. ज्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाकडे आणि पुस्तकात आधीच तयार आहे, तो प्रश्न प्रकल्पाला देऊ नये. आणि झालेले काम जपून ठेवावे, म्हणजे पुढची तुकडी तिथून पुढे जाईल. पहिली गोष्ट काही शिक्षक मनापासून करतात. दुसरीकडे आपण जवळजवळ पूर्ण दुर्लक्ष केले आहे.

कागदावर पाहिले तर तरतूद कमी नाही. दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातला पहिलाच पाठ ‘क्षेत्रभेट’ हा आहे. बारावीला प्रात्यक्षिकाचे २० गुण आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पदवीच्या सगळ्या शाखांना पर्यावरण अभ्यास सक्तीचा झाला, तेव्हा त्यातही क्षेत्रकार्य आले. नव्या शैक्षणिक धोरणानंतर तर क्षेत्र प्रकल्पाला वेगळे श्रेयांक मिळू लागले. म्हणजे दर वर्षी जिल्ह्यातले हजारो विद्यार्थी कुठल्या ना कुठल्या विषयावर प्रकल्पवही भरतात. त्यांतल्या बऱ्याच वह्या मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेल्या असतात, आता काही मोबाइलवरून. परीक्षा झाली की गठ्ठे बांधले जातात आणि रद्दीत जातात. इतक्या मुलांनी इतकी वर्षे एकाच जिल्ह्यात पाहणी केली आणि जिल्ह्याच्या हाती त्यातले काही उरले नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

ही खंत मोठी वाटते, कारण आपल्याकडचा आणि आसपासचा इतिहास वेगळे सांगतो. गिल्बर्ट स्लेटर १९१५ मध्ये मद्रास विद्यापीठात भारतीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती प्रश्नावली दिली आणि सुट्टीत आपापल्या गावी जाऊन ती भरायला सांगितले: जमीन कोणाकडे, मजुरी किती, कर्ज कोणाचे, बाजार कुठला. त्या वह्यांतून १९१८ मध्ये दक्षिण भारतातील खेड्यांवरचे पुस्तक तयार झाले. पुढे १९३०च्या दशकात थॉमस आणि रामकृष्णन यांनी तीच गावे पुन्हा पाहिली आणि नंतरच्या पिढ्यांतले अभ्यासकही त्यांतल्या इरुवेलपट्टूसारख्या गावात परत गेले. सुट्टीतला गृहपाठ शतकभराच्या अभ्यासाचा पाया ठरला, कारण तो कोणीतरी जपला.

महाराष्ट्रात पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा शेत न शेत अभ्यास करून १९१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरली आहे, ही त्या पाहणीतली नोंद पुढे कितीतरी पुस्तकांत उद्धृत झाली. आज त्या गावात उंच इमारती आहेत, आणि शंभर वर्षांपूर्वी तिथे काय पिकत होते हे सांगू शकणारी एक वही आहे. धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतून वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची पाहणी केली, ती १९४० मध्ये छापली गेली. पुढे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. शेतकऱ्याच्या घरातला जमाखर्च वर्षानुवर्षे पाहिलेला माणूस साखरेच्या सहकारात उतरला, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. परदेशातले एकच उदाहरण देतो. १९३०च्या दशकात डडली स्टँप यांनी ब्रिटनच्या जमीनवापराचे नकाशे तयार केले, तेव्हा शेताशेतांत जाऊन रंग भरण्याचे पुष्कळ काम शाळकरी मुलांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी केले होते.

आता कोल्हापुरात येऊ. इथे प्रश्नांची ददात नाही.

पहिला प्रश्न गंगावेशीतला. तिथल्या दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाईकासमोर धार काढली जाते आणि माणसे तिथेच उभ्याने पेला रिकामा करतात. बाहेरगावच्या पाहुण्याला ही गंमत वाटते. भूगोलाच्या विद्यार्थ्याला इथे योहान फॉन थ्युनेन दिसायला हवा. शहराभोवती पिकांची वर्तुळे कशी पडतात हे थ्युनेनने १८२६ मध्ये मांडले. दूध आणि भाजी नासतात, म्हणून त्यांचे वर्तुळ शहराला सगळ्यांत जवळ. कोल्हापुरात ते वर्तुळ इतके जवळ आले की पेठेच्या आत शिरले. थ्युनेनचा सिद्धान्त निव्वळ तर्काने उभा राहिलेला नाही. मेक्लेनबुर्गमधल्या टेलो येथे त्याची स्वतःची शेती होती आणि तिच्या बारीक हिशेबाच्या वह्यांतून तो निघाला. म्हणून या विषयावरचा चांगला प्रकल्प वर्तुळांची आकृती काढून होत नाही, त्याला एका घराचा हिशेब लागतो.

तो हिशेब असा मागता येतो. विद्यार्थ्याने आपल्या किंवा शेजारच्या घरच्या दोन म्हशींचा महिनाभराचा जमाखर्च ठेवायचा. सकाळ-संध्याकाळ किती दूध निघाले, घरात किती राहिले, डेअरीला किती गेले, फॅट किती लागली, दर काय मिळाला. पेंडीला किती गेले, वैरण विकत की घरची. मग पुढचा माग काढायचा. गावच्या संस्थेतून दूध शीतकरण केंद्रात जाते, तिथून टँकरने गोकुळच्या प्रकल्पात आणि पिशवीतून मुंबई-पुण्यात. गोकुळ म्हणजे कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, तो १९६३ साली स्थापन झाला. गार ठेवण्याची सोय झाली आणि थ्युनेनचे सर्वांत आतले वर्तुळ ताणून पार मुंबईपर्यंत गेले. तरी गंगावेशीतला कट्टा उठला नाही. का उठला नाही, हे दर, सवय, चव आणि रोख पैसा यांची तुलना केल्याशिवाय कळणार नाही, आणि ती तुलना करायला मुलाला तिथे उभेच राहावे लागेल.

याच वहीत आणखी एक गोष्ट हाती लागते. ऊसतोडीच्या हंगामात उसाचे वाडे मिळते आणि हिरव्या वैरणीचा खर्च कमी होतो. हंगाम संपला की तो चढतो. जिल्ह्याचा दूधधंदा असा उसाच्या पिकावर टेकून उभा आहे. प्राथमिक व्यवसायाच्या धड्यात शेती एका परिच्छेदात असते आणि दुग्धव्यवसाय दुसऱ्या. गोठ्यातल्या हिशेबात ते एकाच पानावर येतात.

ऊस हा तर दुसरा आणि कदाचित सगळ्यांत मोठा प्रश्न. आल्फ्रेड वेबरने १९०९ मध्ये सांगितले की ज्या कच्च्या मालाचे वजन प्रक्रियेत खूप घटते, त्याचा कारखाना मालाजवळ जातो. शंभर किलो उसातून दहा-बारा किलो गूळ निघतो, म्हणून गुऱ्हाळ थेट फडाजवळ. चुलवाणाला जळण उसाच्याच चिपाडाचे. शिवाय तोडलेल्या उसातली साखर दिवसागणिक उतरत जाते, तेव्हा वजनाइतकाच वेळही कारखान्याची जागा ठरवतो. करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातल्या चालू गुऱ्हाळावर एक पूर्ण दिवस बसलेल्या मुलाला हे सगळे दिसते. एका आदणाला, म्हणजे एका कढईला, ऊस किती लागला, रस किती निघाला, जळव्याने चूल किती वेळ घातली, गुळव्याने पाक कधी उतरवला, भेंडीच्या पाण्याने मळी कशी वर आली, गुळाचे रवे किती पडले. ताणकाटा आणि घड्याळ एवढेच साहित्य पुरते. मग दुसऱ्या दिवशी शाहू मार्केट यार्डात सौदे निघतात तिथे जायचे आणि गुजरातच्या बाजारासाठी कोणता रंग, कोणता रवा चालतो ते विचारायचे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बाहेरचा आणि साखर मिसळलेला गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो ही तक्रार थांबलेली नाही. गुऱ्हाळे का कमी होत चालली, याची मजुरी, दर, साखर कारखान्यांची ओढ अशी उत्तरे सर्वजण देतात. एका गावातली बंद पडलेली गुऱ्हाळे नकाशावर मांडून प्रत्येकाचे बंद पडण्याचे वर्ष आणि कारण लिहिणारी वही मात्र क्वचितच दिसते. असे काम एका तुकडीला सहज जमेल.

साखर कारखान्याच्या बाबतीत वेबरच्या जोडीला कायदा येतो. महाराष्ट्रात दोन कारखान्यांमधले हवाई अंतर किमान २५ किलोमीटर असावे लागते. नकाशावर जिल्ह्यातले कारखाने मांडून कंपासने वर्तुळे काढली की जुने कारखाने एकमेकांच्या वर्तुळात किती घुसले आहेत ते लगेच दिसते, आणि सीमेवरच्या गावांतला ऊस कर्नाटकात का जातो हाही प्रश्न निघतो. खरी मौज उसाच्या बिलात आहे. जिल्ह्यातल्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरी कारखान्याचे बिल येते. टनाला ठरलेल्या दरातून तोडणी-वाहतूक वजा होते. वजावट कोणत्या कारखान्याची किती आणि तिचा अंतराशी काय संबंध, ही तुलना वर्गातल्या चाळीस बिलांवरून होते. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दरवर्षी ज्या आकड्यांवरून वातावरण तापते, ते आकडे मुलांच्या घरातल्याच कागदांवर असतात. नावे झाकून ती बिले वर्गात आणावीत, एवढे पथ्य पाळले की काम सुरू करता येते.

फौंड्रीच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण तिथे सिद्धान्त सगळ्यांत जास्त अपुरा पडतो. बीड म्हणजे कच्चे लोखंड गोव्याकडून, रेडीकडून किंवा त्याहून दुरून येते, कोक बाहेरून, भंगार कुठूनही. मग उद्योग इथेच का वाढला? उत्तर नदीकाठी सापडते. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी या नद्या प्रयाग चिखलीला मिळून पंचगंगा होते. शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचे धरण हाती घेतले आणि बर्गे काढता-घालता येणारे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे नद्यांवर उभे राहिले. पाणी काठावर अडले, पण शेतात चढवायला इंजिन हवे होते, उसाला चरक हवा होता. ही यंत्रे दुरुस्त करता करता बनवू लागलेली मिस्त्रींची पिढी इथे तयार झाली. म्हादबा मिस्त्रींचे ऑइल इंजिन आजही कोल्हापुरात अभिमानाने सांगितले जाते. त्याच शहरात बाबुराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास स्वतःचा चित्रपट कॅमेरा बनवला होता. शिवाजी उद्यमनगरातून ही कला पुण्या-बेंगळुरूच्या महामार्गावर, शिरोली आणि गोकुळ शिरगावला सरकली. म्हणजे इथला कच्चा माल लोखंड नसून शेतीची मागणी आणि हातातले कसब हा होता. निदान हे एक गृहीतक म्हणून मुलांना द्यावे आणि तपासायला सांगावे. पहिल्या पिढीतले मालक कोणाच्या कारखान्यात शिकले, पॅटर्न बनवणारा कुठला, मशीन बंद पडले तर माणूस किती अंतरावरून येतो: दहा छोट्या कारखान्यांत हे तीन प्रश्न विचारले तरी कसबाचा नकाशा उमटू लागतो. मालक खर्चाचे आकडे देत नाहीत. ते मागूही नयेत. पाहुण्या-मित्रांच्या साखळीची गोष्ट मात्र ते आनंदाने सांगतात, आणि आर्थिक भूगोलाला तीच हवी असते.

इथे औद्योगिक भेटीविषयी बोलायला हवे, कारण शिक्षकांचा सगळा भर तिच्यावर असतो. पन्नास मुले हेल्मेट घालून एका दारातून शिरतात, गोंगाटात कोणालाच काही ऐकू येत नाही, बाहेर आल्यावर समूहछायाचित्र आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा एकच अहवाल. भेट वाईट नाही, पण तिच्यातून प्रश्न घेऊन परत जाण्याची सोय हवी. चार मुलांचा गट, एकच प्रश्न, तीन फेऱ्या: याने जे होते ते एका मोठ्या सहलीने होत नाही.

अंतर आणि पाऊस यांचा संबंध पाहायचा तर जिल्हा आयता आखलेला आहे. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. एसटीने गगनबावड्याहून कोल्हापूरमार्गे नृसिंहवाडीपर्यंत जाताना दर दहा किलोमीटरवर उतरून दिसणारे पीक, घराचे छप्पर, गोठा आणि दुकान एवढे चार रकाने भरावेत. भात, नाचणी आणि जंगल मागे पडून ऊस, भाजीपाला, मळ्यातली घरे कुठे सुरू होतात हे त्यातून नेमके दिसते. सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे आता विनामूल्य मिळतात, सातबारा घरबसल्या दिसतो, २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पीक नोंदवतो. नोंदीत एक पीक आणि शेतात दुसरे, असे किती गटांत आहे हे शोधणे हाही स्वतंत्र प्रकल्प होईल. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये मानांकन मिळाले. तो कुठल्या उताराच्या खाचरात होतो, हे त्या तालुक्यातल्या मुलांइतके कोण सांगू शकेल?

चपलेचा माग काढणे त्याहून अवघड, पण फार शिकवणारे आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेले मानांकन महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांचे मिळून आहे. शहरातली चप्पल लाईन, सुभाषनगर आणि कर्नाटकातली अथणीकडची गावे यांत एका जोडाचे तळ, पट्टे, वेणी कोणी कुठे बनवली, कातडे कुठून आले, २०१५च्या गोवंश हत्या बंदीनंतर त्याचा पुरवठा कसा बदलला, हे विचारत गेले की राज्याची सीमा धंद्याला फारशी आडवी येत नाही हे कळते. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात तशाच चपला दिसल्यावर कोल्हापुरात जो संताप उसळला, तो बातमी म्हणून वाचण्यापेक्षा एका जोडाच्या किमतीतले कारागिराच्या हाती पडणारे रुपये मोजून समजून घ्यावा. पण कारागीर तासाच्या कामावर जगतो. त्याचा अर्धा दिवस फुकट घेऊन फॉर्म भरून आणणे मला योग्य वाटत नाही. ऊसतोड मजुरांच्या कोपीवर तर याहून जास्त जपायला हवे. पहाटेपासून फडात राबलेल्या, मुकादमाच्या उचलीत बांधलेल्या माणसाला रात्री विसाव्या प्रश्नाचे उत्तर मागणारा विद्यार्थी भूगोल शिकत नसतो. त्यांच्या मुलांसाठी चालणाऱ्या शाळेत मदतीला जाऊन, ओळख झाल्यावर दोन-तीन गोष्टी ऐकाव्यात, तेवढे पुरे.

बाजारपेठेवरच्या प्रकल्पांत आठवडी बाजार हा विषय सगळीकडे सर्रास दिला जातो. बाजारगावे कशी पसरतात ते दाखवणारे वॉल्टर क्रिस्टालरचे षटकोन त्यावर चिकटवले जातात आणि काम आटोपते. त्यात मला विशेष रस वाटत नाही. कोल्हापूरला यापेक्षा नेमका विषय आहे, तो पुराचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, कुंभार गल्ली पाण्याखाली गेली. गणेशोत्सवाच्या तोंडावर मूर्तिकारांचे वर्षाचे काम पाण्यात गेले. प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर पाण्याची खूण कुठे आहे, माल आता कोणत्या मजल्यावर ठेवतात, पूर आल्यावर कोणी धंदा दुसरीकडे हलवला, भाडे वाढले की उतरले: रस्त्याच्या एका बाजूची शंभर दुकाने घेतली तरी तो नकाशा पालिकेच्याही उपयोगाचा होईल.

एवढे करून हे काम राहणार कुठे, हा प्रश्न उरतो. प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गावाच्या नावाने एक खण ठेवता येईल. वहीच्या पहिल्या पानावर तारीख, ठिकाण, कोणती मोजमापे कशी घेतली आणि नकाशा असला की ती पुढच्या मुलाला वापरता येते. तपासणाऱ्याने सुबक हस्ताक्षराला कमी आणि मागच्या वहीशी केलेल्या तुलनेला जास्त गुण द्यावेत. शिवाजी विद्यापीठाने गावांची आणि विषयांची एक साधी सूची केली तरी बाकीचे हळूहळू जमेल.

सुरुवात करायला घाई आहे असा एक विषय आहे. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्गाची चर्चा अनेक वर्षे चालू आहे, मार्ग अजून झालेला नाही. आज कोकणात उतरणारा माल गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा घाटाने जातो किंवा फोंड्याने. २०२४ मध्ये कामासाठी करूळ घाट बंद राहिला तेव्हा वाहने दुसऱ्या घाटांकडे वळली आणि रस्त्यावरच्या हॉटेलांचा, गॅरेजांचा धंदाही हलला. रेल्वे आली तर यातले काय बदलेल हे सांगायला ती येण्यापूर्वीची मोजणी हवी: घाटाच्या तोंडाशी एका दिवसात किती मालमोटारी, कोणता माल, कुठून कुठे. गगनबावड्याच्या मुलांना ती मोजणी आत्ताच करता येईल.